इंजिनाचा श्वास

येलवालच्या केंद्र सरकारी कचेरीत फायली चाळताना आमचे अर्धे चित्त समुद्रावर असते. कारण आमचे धाकटे बंधू रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मच्छीमारी नौकेचे डिझेल इंजिन सांभाळतात. १ किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते. समुद्रावर धूळ थोडी; परंतु इंजिनघरातील तेलाचे तुषार व खारा दमटपणा एअर फिल्टरमध्ये साचतात. फिल्टर कोंदला की धूर काळा होतो, जोर घटतो; आणि बोल मात्र डिझेलला लागतो. तेलकट झालेला कागदी फिल्टर झटकून भागत नाही, बदलावाच लागतो. किनारा दिसेनासा झाल्यावर माघारी येण्याचा भरवसा अशा किरकोळ वस्तूंवरच असतो. म्हणून बंधूंचा फोन आला की आम्ही त्यांच्या प्रकृतीआधी फिल्टरचीच चौकशी करतो.