कोपऱ्यातलं बीड

नातीसाठी व्हिक्टोरियन काळातली लोखंडी कॉट घेतली, तेव्हा विकणारा "घडीव लोखंड आहे" म्हणाला. मी त्याच्यासमोरच एका गजावर कानस मारली आणि जाणकारासारखी मान डोलावली. बर्मिंगहॅमच्या वर्कशॉपमध्ये केस पिकलेल्या माणसाला लोखंड कोण शिकवणार?

गज घडीवच होते. घडीव लोखंडात मळीचे धागे राहतात, त्यामुळे तुटलेल्या जागी लाकडासारखे तंतू दिसतात. ते वाकतं, सहसा तुटत नाही. मी नीट पाहिले नाहीत ते सांधे. अशा खाटा बनवताना गजांची टोकं साच्यात धरून त्यांवर वितळलेलं बीड ओतत. कोपऱ्यांवरची फुलं, गोळे म्हणजे तेच बीड. एकोणिसाव्या शतकात याच बर्मिंगहॅममधून लोखंडी खाटा ढिगांनी निघत. लाकडाच्या फटींत ढेकूण होत, म्हणून घरांत आणि इस्पितळांत त्यांना मागणी होती.

एक पाय जरा तिरका होता. तो हातोड्याने सरळ करायला गेलो आणि कोपऱ्यातलं फूल तडकलं. तिथे तरी थांबायचं! मी वेल्डिंग मशीन काढलं. रॉड साधा स्टीलचा, आधी बीड तापवलं नाही, नंतर सावकाश निवू दिलं नाही. निवताना शेजारीच दुसरी चीर गेली. बिडाला निकेलचा रॉड लागतो, हे मीच शिकाऊ पोरांना ओरडून सांगत असे.

रंगाचं प्रकरण मात्र याहून वाईट. त्या काळच्या पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा सर्रास असे. मी ते थर ग्राइंडरने उडवले, तेही गॅरेजचं दार लावून, शेजाऱ्यांना आवाज नको म्हणून. मग धुळीच्या कपड्यांनिशी थेट स्वयंपाकघरात. सून म्हणाली, "बाबा, बाळ रांगतंय. आधी बाहेर जा आणि ते कपडे काढा." शिसं ओळखायची काडी तिने कठड्यावर घासली, ती लाल झाली. बाळाचं रक्त तपासून घेईपर्यंत मी तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. रिपोर्ट चांगला आला.

फटी मोजायचं सुचलं ते त्यानंतर. बाळाच्या कॉटच्या गजांमध्ये आता इथे ६५ मिलीमीटरहून जास्त अंतर चालत नाही. या कॉटमध्ये माझी मूठ आरपार जात होती. म्हणजे वेल्डिंग झकास जमलं असतं, तरी नातीला तिच्यात झोपवता आलं नसतंच.