मूळ ध्वनिमुद्रण कोणतं?

चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या रेकॉर्ड जमवणाऱ्याच्या कपाटात एकाच चित्रपटाच्या तीन-चार आवृत्त्या शेजारीशेजारी उभ्या असतात. पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, आणि तो रास्तच आहे, की चित्रपटात वाजलेलं ध्वनिमुद्रण एकदा हाती आल्यावर बाकीच्यांचं काय काम? संगीत तेच, स्वर तेच. वाद्यवृंद बदलला म्हणून पुन्हा पैसे का घालायचे? माझं म्हणणं असं, की पार्श्वसंगीताच्या बाबतीत बोट ठेवून दाखवता येईल असं एकमेव मूळ मुद्रण बहुतेक वेळा नसतंच. असतात ते वेगवेगळ्या परिस्थितीत तयार झालेले पुरावे, आणि प्रत्येकात थोडं संगीतकाराचं असतं, थोडं परिस्थितीने लादलेलं असतं. संगीतकाराने काय योजलं होतं आणि पडद्याने, संपाने, घाईने किंवा रेकॉर्ड कंपनीच्या हिशेबाने त्याचं काय केलं, हे ते पुरावे एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. ताडून पाहायचं तर आधी जमवणं आलंच.

आल्फ्रेड हिचकॉकचा १९५८ चा ‘व्हर्टिगो’ घ्या. संगीत बर्नार्ड हरमनचं. आपलं संगीत आपणच कंडक्ट करायचं, हा हरमनचा आग्रह सगळ्यांना ठाऊक होता. पण त्या वर्षी अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने संप पुकारला आणि हॉलिवूडमध्ये मुद्रण करणं अशक्य झालं. लिहिलेलं संगीत लंडनला गेलं. तिथे म्यूर मॅथिसनने ‘सिन्फोनिया ऑफ लंडन’ हा वाद्यवृंद घेऊन काम सुरू केलं, पण ते पुरं व्हायच्या आत ब्रिटिश वादकांनी अमेरिकन वादकांच्या पाठिंब्यासाठी हात आखडता घेतला आणि उरलेला भाग व्हिएन्नात उरकावा लागला. लंडनचं मुद्रण स्टिरिओत झालं, व्हिएन्नाचं मोनोत. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो ते दोन शहरांत, दोन वाद्यवृंदांनी, दोन पद्धतींनी वाजवलं गेलं आणि ते रचणारा माणूस दोन्हीकडे कंडक्टरच्या जागी नव्हता. चित्रपट मोनोत प्रदर्शित झाल्यामुळे हा सांधा झाकला गेला. १९९६ साली रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी चित्रपटाच्या जीर्णोद्धाराचं काम पुरं केलं आणि जुन्या टेपांवरून सीडीही निघाली, तेव्हा तो उघडा पडला. एका तुकड्यात व्हायोलिनं, चेलो, हार्प आपापल्या जागी पसरलेली असतात. दुसऱ्या एखाद्या तुकड्यात सगळा वाद्यवृंद एकदम मधोमध गोळा होतो. संप कुठे आडवा आला ते हेडफोन लावणाऱ्याला आपोआप कळतं.

याच संगीताचे काही भाग हरमनने साठच्या दशकाच्या अखेरीस लंडन फिलहार्मोनिककडून डेक्का कंपनीच्या ‘फेज फोर’ मालिकेसाठी स्वतः वाजवून घेतले. इथे कंडक्टर खुद्द संगीतकार आहे, पण ‘फेज फोर’चं तंत्रच असं की वाद्यांजवळ पुष्कळ मायक्रोफोन लावायचे आणि हवं ते वाद्य मिश्रणात पुढे ओढायचं. त्यामुळे सभागृहात कुणाच्या कानावर कधी पडणार नाही असा तोल तयार होतो. पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जोएल मॅकनीलीने रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून हे संगीत विस्ताराने पुन्हा मुद्रित केलं: निवांतपणे, एकाच वाद्यवृंदाकडून, डिजिटल स्वच्छतेने. आता यातलं मूळ कोणतं म्हणायचं? पडद्यावर वाजलेलं म्हणाल, तर त्यात संगीतकाराचा हात नाही. संगीतकाराचा हात हवा असेल, तर तो ज्याला नक्कल म्हणून बाजूला ठेवलं त्यात आहे. आणि लिहिलेलं सगळं शक्य तितक्या पूर्णतेने ऐकायचं असेल, तर ज्यांचा चित्रपटाच्या निर्मितीशी काडीचा संबंध नव्हता अशा स्कॉटलंडच्या वादकांकडे जावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, ‘व्हर्टिगो’ हा संपामुळे घडलेला अपवाद आहे. संगीतकाराने स्वतः कंडक्ट केलं की प्रश्न मिटला. तसं होत नाही. ‘सायको’ (१९६०) चं संगीत हरमनने स्वतःच वाजवून घेतलं होतं. ते केवळ तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं आहे. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको, असं हिचकॉकचं आधी म्हणणं होतं. हरमनने तरीही लिहिलं आणि ऐकल्यावर हिचकॉकने ते ठेवलं. हा तुकडा जवळ जाऊन ऐकावा असा आहे. चित्रपटभर वादकांना तारांवर म्यूट चढवायला सांगितलेलं, ते इथे उतरतात. सुरुवात सर्वांत उंचावरच्या व्हायोलिनच्या चिरक्या स्वराने होते. गजाचा प्रत्येक घाव सुटा. मग त्याच्या खाली व्हायोलिनची दुसरी फळी येते, तिच्याखाली आणखी एक, आणि येणारा प्रत्येक स्वर आधीच्याशी जुळता जुळता राहिलेला. हीच उतरंड पुन्हा सुरू होते तेव्हा स्वरांवर घसट चढते, आणि मग चेलो आणि डबल बास यांचे जड, सावकाश आघात उरतात. चित्रपटातलं मुद्रण कोरडं आहे, मायक्रोफोन वाद्यांना खेटलेले, खोलीचा घुमारा जवळजवळ नाहीच. म्हणून गजाचा ओरखडा थेट अंगावर येतो. मॅकनीलीने १९९७ साली हेच स्कॉटलंडमध्ये केलं, तेव्हा घुमाऱ्याने घावांच्या कडा थोड्या बोथट झाल्या, पण पाण्याच्या आणि किंचाळीच्या आवाजाखाली चित्रपटात दबून गेलेले खालचे स्वर तिथे वेगवेगळे मोजता येतात. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात तिची रचना दिसते. मला दोन्ही हव्यात.

खरी अडचण पुढे आहे. १९७५ साली हरमनने ‘सायको’चं सगळं संगीत नॅशनल फिलहार्मोनिककडून पुन्हा मुद्रित केलं, आणि त्याचं शीर्षकसंगीत चित्रपटातल्यापेक्षा कितीतरी संथ आहे. संगीतकार तोच, स्वर तेच, कंडक्टर तोच. लय मात्र वेगळी. म्हातारपणी हात मंदावला, असं यावर सहज म्हटलं जातं. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला, ‘टॅक्सी ड्रायव्हर’चं मुद्रण संपवून काही तास होतात न होतात तोच, हरमन वारला. त्यामुळे हे स्पष्टीकरण निकालात काढता येत नाही. पण १९६० साली सॉल बासच्या धावत्या पट्ट्यांच्या शीर्षकांशी संगीताला गाठ घालायची होती आणि १९७५ साली समोर पडदा नव्हता, हेही तितकंच खरं आहे. मला स्वतःला ती संथ लय पटत नाही. शीर्षकसंगीतातली पळापळ, नायिकेच्या हातून पुढे होणाऱ्या चोरीची आणि पळून जाण्याची ती आगाऊ चाहूल, त्यात विझते. मात्र मधल्या आवाजांची वीण तिथे मोकळी होते आणि वेगात नुसता धडाका वाटलेली जागा किती काटेकोर बांधलेली आहे ते उमगतं. संगीतकाराच्या मनात एकच एक लय होती आणि ती शोधून काढणं हे आपलं काम, ही समजूत या दोन मुद्रणांपुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: पार्श्वसंगीत चित्रासाठी असतं, चित्रापासून तोडलं की ते अर्धं होतं, मग अर्ध्याच्या चार प्रती कशाला? यातला पहिला भाग मला मान्य आहे. पण चित्रपट हाही संगीताचा एक पुरावाच आहे, आणि पुष्कळदा अपुरा. स्टॅन्ली कुब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) साठी अलेक्स नॉर्थकडून संगीत लिहवून घेतलं. नॉर्थची प्रकृती इतकी ढासळली होती, की लंडनच्या स्टुडिओत त्याला रुग्णवाहिकेतून आणावं लागलं आणि कंडक्ट करायला हेन्री ब्रांट उभा राहिला. शेवटी कुब्रिकने ते सारं बाजूला सारून रिचर्ड श्ट्राउस, योहान श्ट्राउस, लिगेती यांचं आधीच अस्तित्वात असलेलं संगीत वापरलं. चित्रपट हाच एकमेव पुरावा मानला, तर नॉर्थचं संगीत झालंच नाही. १९९३ साली त्याचा मित्र जेरी गोल्डस्मिथ याने ते मुद्रित केलं, तेव्हा ते प्रथम जगापुढे आलं. आणि १९६८ च्या टेपा २००७ साली निघाल्या, तेव्हा गोल्डस्मिथचं वाचन तपासून पाहण्याची सोय झाली. उलट बाजूचं उदाहरण हेन्री मॅन्सिनीचं. ‘ब्रेकफास्ट अॅट टिफनीज’ (१९६१) ची जी रेकॉर्ड लोकांनी घरोघर वाजवली, ती चित्रपटातल्या संगीताची नव्हतीच. मॅन्सिनीने ती दिवाणखान्यात ऐकण्याजोगी करून वेगळी बसवली होती. ऑड्री हेपबर्नने खिडकीत बसून गिटारवर म्हटलेलं ‘मून रिव्हर’ त्या रेकॉर्डवर नाही. चित्रपटासाठी वाजलेलं संगीत स्वतंत्रपणे बाहेर यायला २०१३ साल उजाडलं. मधल्या पन्नास वर्षांत ‘मूळ साउंडट्रॅक’ म्हणून जे विकलं गेलं तेच पुनर्मुद्रण होतं.

पुरावे ताडून पाहण्याच्या या कामाला आपल्याकडे फार जवळचा दाखला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या मागून आलेले संपादक महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करत होते. शारदा, देवनागरी, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली हस्तलिखितं त्यांनी ओळीओळीने ताडून पाहिली, १९६६ पर्यंत ते काम चाललं. त्या आवृत्तीत मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या पानाखालच्या टीपा. संपादकांनी जो पाठ स्वीकारला नाही तोही तिथे जपलेला असतो, उद्याच्या वाचकाला त्यांचा निर्णय फिरवता यावा म्हणून. पार्श्वसंगीताच्या संग्राहकाने हीच शिस्त पाळावी असं मला मनापासून वाटतं. हल्ली संगणकावर एका मुद्रणाची सुरुवात, दुसऱ्याचा शेवट आणि तिसऱ्याचा एखादा सुटा तुकडा जोडून आपली ‘आदर्श’ आवृत्ती तयार करणारे पुष्कळ आहेत. ऐकायला ती छान लागते. पण जोड कुठे दिला हे लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या ऐकणाऱ्याच्या हातात पुरावा राहत नाही, आवड तेवढी राहते. आता सगळं फोनवर मिळतं, हे म्हणणंही इथेच अडतं. फोनवर एकाच नावाखाली चित्रपटातलं मुद्रण, पुनर्मुद्रण आणि मैफलीसाठी केलेली बांधणी यांची सरमिसळ होते. कंडक्टर कोण, मुद्रण कोणत्या साली, कोणत्या शहरात, हे अनेकदा नसतंच. रेकॉर्डच्या कव्हरची मागची बाजू ही माहिती जपत आली आहे.

मुंबईच्या चित्रपटसंगीताकडे वळलं, की हे सगळं एकदम निकडीचं होतं. हॉलिवूडमध्येही नासधूस झाली. एमजीएमने आपल्या वाद्यवृंदाची लिहिलेली संगीतपानं कचऱ्यात काढली, ही तिथली प्रसिद्ध दुःखकथा आहे. तरी तिथे हरमनचं, नॉर्थचं लिखाण उरलं, म्हणून पुनर्मुद्रण झालं. इथे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या अरेंजरांनी स्टाफ नोटेशनमध्ये पानंच्या पानं लिहिली, वादकांनी ती स्टँडवर लावून वाजवली, आणि काम संपल्यावर ती जपून ठेवण्याची रीत नव्हती. रेकॉर्डच्या लेबलवर अरेंजरचं नाव नसे. गायकाचंही असेलच असं नाही: ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं आणि ते चित्रपटातल्या पात्राचं नाव होतं. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून कित्येक गाण्यांचं एखादं कडवं किंवा वादनाचा लांबलचक तुकडा फक्त चित्रपटाच्या रिळातच राहिला. पुढे कॅसेटच्या काळात जुन्या गाण्यांवर ‘झंकार बीट्स’ चढवले गेले. हा सरळसरळ प्रक्षेप आहे, आणि ज्याच्याकडे आधीची तबकडी आहे त्यालाच तो प्रक्षेप म्हणून दाखवता येतो. ‘आलम आरा’ (१९३१) हा चित्रपटही हरवला आणि त्याच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही तेव्हा निघाल्या नव्हत्या. तिथे ताडून पाहायला काहीच शिल्लक नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, तेव्हा रीळ हाच पुरावा किती नाजूक असतो ते आपण पाहिलं.

गाणी निदान रेकॉर्डवर आली. हिंदी चित्रपटांचं पार्श्वसंगीत तेवढंही सुदैवी नाही. ‘शोले’ (१९७५) मधलं भानू गुप्तांचं माउथ ऑर्गन सगळ्या देशाच्या ओळखीचं आहे, पण राहुल देव बर्मनने त्या चित्रपटासाठी केलेल्या पार्श्वसंगीताचा फार थोडा भाग तेव्हाच्या गाण्यांच्या रेकॉर्डवर होता. पॉलिडॉरने संवादांची एलपी काढली, ती अफाट खपली, आणि पार्श्वसंगीत शोधणाऱ्याला आजही त्या एलपीकडे जावं लागतं, कारण गब्बरच्या आणि ठाकूरच्या वाक्यांखाली ते वाजत राहतं. ग्रेगरी बूथने मुंबईच्या वादकांना भेटून, त्यांच्या आठवणी घेऊन २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं, त्यामुळे स्टुडिओत कोण बसत असे आणि काम कसं चाले हे आता बरंच कळतं. नेमक्या कुठल्या जागी काय वाजलं, हे मात्र ध्वनिमुद्रणांतूनच काढावं लागेल. संवादांची एलपी, गाण्यांची एलपी आणि चित्रपटाच्या उपलब्ध प्रती समोर ठेवून, कुठल्या वाक्यानंतर कोणतं वाद्य किती सेकंद येतं आणि दुसऱ्या प्रतीत ते तिथेच येतं का, याची वही ‘शोले’सारख्या एका चित्रपटापुरती जरी कुणी पुरी केली, तरी ते संगीत पुन्हा वाजवण्याच्या दिशेने पहिलं पान लिहून होईल.