तिरण्हू

नाशिककर या डोंगराला पांडवलेणी म्हणतात, पुस्तकं त्रिरश्मी म्हणतात. मी मात्र पहाटे त्याला पाळण्यातल्या नावानं हाक मारते: तिरण्हू. सतराव्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखात त्याचं हेच नाव आहे.

साडेपाचला पायथ्याशी फाळके स्मारकाकडे अंधारच असतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर पहिल्या काही पायऱ्यांपर्यंत सोबत करते, मग फक्त आपला श्वास. तिरण्हू गप्प असतो. घरातलं जुनं माणूस दारी आलेल्याला आधी टेकू देतं, पाणी देतं, तसा त्याचा स्वभाव. कुठले, कोणाचे, हे तो पुढेही विचारत नाही.

अशोकाच्या काळी पाटलिपुत्राहून भिक्षू धर्म सांगायला देशोदेशी निघाले, असं 'महावंसा'त आहे. महाराष्ट्राकडे महाधम्मरक्खित आले. अपरान्ताकडे, म्हणजे आपल्या कोकणाकडे, धम्मरक्खित नावाचा एक यवन, म्हणजे ग्रीक. सदा चालणाऱ्या या लोकांना पावसाळ्यात मात्र एका जागी राहायचा नियम. पुढे कित्येक पिढ्यांच्या भिक्षूंना त्या महिन्यांसाठी तिरण्हूनं आपली कूस दिली. चोवीस लेणी त्याच्या अंगात कोरली गेली. लेखांमध्ये दान असतं ते 'चातुर्दिश' संघाला. चारी दिशांनी येईल त्याचं हे घर.

हिशेबाला मात्र तो पक्का. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात हा शक. त्यानं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: दोन हजार शेकडा एक दरमहा व्याजानं, एक हजार पाऊण टक्क्यानं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळत. दहाव्या लेण्याच्या भिंतीवर हे सगळं टिपलेलं आहे. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचं घराणं संपवलं आणि उषवदाताचं शेत इथल्याच भिक्षूंना दिलं. ते पडीक निघालं, गावही ओस पडलेलं. तेव्हा चोविसाव्या राज्यवर्षी शंभर निवर्तनं दुसरी जमीन दिली. हेही भिंतीवर आहे, तिसऱ्या लेण्यात. जिंकणारा आणि हरणारा, दोघांचे शब्द तिरण्हूनं चार पावलांच्या अंतरावर सांभाळले. त्याच तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली सहा धिप्पाड गण खांद्यावर तुळया पेलून अर्ध्या अंगानं वर आले आहेत. सगळा भार जणू त्यांच्यावरच. मला त्यांच्यात तिरण्हूच दिसतो.

पण माझा जीव गुंततो तो सतराव्या लेण्यात. उत्तरेकडच्या दत्तामित्री नगराचा यवन, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, एवढ्या लांबून इथे आला. त्यानं लेणं खोदवलं, आत चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढ्या करवल्या, आणि पुण्य आईवडिलांच्या नावे ठेवलं. दानात मुलगाही सोबत होता. मुलाचं नाव धम्मरक्खित. कोकणात धर्म घेऊन आलेल्या त्या यवनाचंच नाव! बापानं ते मुद्दाम ठेवलं असेल का, हा विचार कितीदा तरी मनात येतो.

मी पहिल्यांदा इथे चढले ती बाबांचं बोट धरून. दम लागला की ते थांबत आणि शहराकडे बोट दाखवून एकेक ओळखीची जागा सांगत. आता एकटी येते. ओसरीत जरा टेकते. थोड्या वेळानं उजवीकडून तिरकं ऊन येतं, भिंतीवरून सरकत जातं, आणि बापलेकांची अक्षरं एकेक करून उठून दिसू लागतात.