फुकटचा मुक्काम

फुकट या शब्दाचा खरा अर्थ मला परदेशात, एका रानात कळला. लुइझिआनातल्या किसॅची राष्ट्रीय अरण्यात बऱ्याच ठिकाणी पैसे न भरता तंबू ठोकता येतो. मात्र नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. पाणी आपण न्यायचे, कचरा आपणच परत आणायचा.

मुलाने तंबू ठोकला आणि वारा सुटला. लांब सुयांच्या पाइनमधून तो अगदी आमच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातल्यासारखा वाजत होता. बुंधे मात्र काळे पडलेले.

"वणवा लागला होता का रे?" मी विचारले.

"नाही अण्णा, ही आग मुद्दाम लावतात. नाही तर दुसरी झाडे याला दाबून टाकतात." त्याने पायाशी गवताचा झुपका दाखवला. ते गवत नव्हतेच, पाइनचे रोप होते. कित्येक वर्षे ते असेच गवतासारखे बसून राहते. वर वाढ दिसत नाही, खाली मूळ खोल जात असते. आग वरून जाते, सुया जळतात, आतला कोंब वाचतो.

त्याची आई गेली तेव्हा हा आला नव्हता. मी ते कधी बोललो नव्हतो, विसरलोही नव्हतो.

शेकोटी विझत आली, तेव्हा तो आपणहून म्हणाला, "अण्णा, मी तिकीट काढले होते."

पुढे तो बोलला नाही. मीही विचारले नाही. एक लाकूड तेवढे विस्तवावर सारले.