अमीरपेठचे फलक

आज संध्याकाळी अमीरपेठला मैत्रीवनमपाशी क्लासचे फलक वाचत उभी राहिले. पासपोर्ट आकाराचे हसरे चेहरे, खाली गुण, शेजारी अमेरिकी विद्यापीठाचं नाव. थोडक्यात, आमच्याकडे या, तुम्हीही जाल. आपटलेल्यांचे फोटो कुठेत? आणि ही मुलं क्लासशिवाय गेलीच नसती कशावरून?

भाचीच्या जीआरईच्या तयारीत आम्ही हेच करायचो. अर्ध्या तासाच्या निबंधात दुसऱ्याच्या युक्तिवादाची चिरफाड. स्वतःचं मत कोणी विचारलेलंच नसायचं. ‘कोठीच्या हॉटेलात एसी बसवला, विक्री वाढली, म्हणून सगळ्या शाखांत बसवा.’ ती म्हणायची, “मावशी, तेव्हा रमजान होता का?” बरोब्बर! हलीमच्या दिवसांत इथे गर्दीला एसी लागतो होय?

२०२३च्या सप्टेंबरात जीआरईने हा निबंध काढून टाकला. नोव्हेंबरात आलेल्या नव्या जीमॅटमध्येही तो नाही. परीक्षा आटोपशीर झाली खरी, पण त्यातला कामाचा प्रश्न तेवढाच होता, असं आपलं माझं मत.

भाची आता कोकापेटला फ्लॅट बघतेय. बिल्डरचा माणूस म्हणाला, “शेजारच्या टॉवरचे भाव चढले, तुमचेही चढणार.” तिने विचारलं, “त्या भावाला विकले गेले किती?” तो चहा सांगायला उठला.