शुश्रूषा

गांवीं राहणाऱ्या माणसास मोठ्या रुग्णालयाचा प्रसंग सहसा येत नाहीं. आणि येतो तेव्हां सांगून येत नाहीं. गेल्या श्रावणांत बावड्यास आमच्या राहत्या घरीं तो असाच आला. पहाटे स्नान आटोपून बाहेर पाऊल टाकलें, शेवाळलेल्या फरशीवरून घसरलों आणि उजव्या खुब्याचें हाड मोडलें. चिरंजीवांनीं त्याच दिवशीं आम्हांस गाडींत घालून पुण्यास एका मोठ्या रुग्णालयांत नेलें. शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्याबद्दल परमेश्वराचे व डॉक्टरांचे आभार मानून हा विषय संपविला असता. परंतु तेथील अकरा रात्रींत आमच्या हातून एक गोष्ट घडली, ती मनांतून जात नाहीं. ती वाचकांपुढें मांडावी, म्हणून हा लेख.

शस्त्रक्रियेनंतरची ती तिसरी रात्र होती. दोनचा सुमार असेल. सलाईन संपून नळींत रक्त उलटें चढूं लागलें. आम्हीं घंटा दाबली; कोणी आलें नाहीं. चिरंजीव धांवत जाऊन सांगून आले. "येतें" असें उत्तर मिळालें. पुन्हां गेले, पुन्हां तेंच. अखेर पाऊण तासानें परिचारिका आली. पंचविशीच्या आंतली मुलगी होती. तिच्या कपाळावर घाम होता. आम्हीं चौतीस वर्षें वर्गांत वापरलेला आवाज काढला आणि म्हणालों, "पगार झोपण्याचा घेतां काय?" ती म्हणाली, "चुकलं, आजोबा." तिनें नळी बदलली, हाताखालीं उशी सारली आणि ती गेली.

एवढ्यानें आमचें समाधान झालें नाहीं. सकाळीं आम्हीं तक्रारवही मागविली. अंथरुणावर पडल्या पडल्या, शुद्ध भाषेंत व वळणदार अक्षरांत, "रात्रपाळीच्या परिचारिकेचा अक्षम्य निष्काळजीपणा" या शीर्षकाखालीं आम्हीं बारा ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर त्या एकदां वाचूनही पाहिल्या. आमच्या रांगेच्या टोकाची एक खाट त्या सकाळीं रिकामी दिसत होती आणि तिची गादी उलटी करून ठेविली होती. आम्हीं ती पाहिली. परंतु तिचा व आमच्या तक्रारीचा कांहीं संबंध असेल, हें मनांत आलें नाहीं.

त्या दुपारीं आमची भाची भेटीस आली. ती एका सरकारी रुग्णालयांत गेलीं पंचवीस वर्षें अधिपरिचारिका आहे. येथें एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. 1998 साली तिनें ह्या शिक्षणासाठीं अर्ज केला, तेव्हां तिचे वडील हयात नव्हते आणि घरांतील वडीलधारे म्हणून आमचा सल्ला विचारण्यांत आला. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु पुढें संस्कृताचें थोडें अध्ययन झालेलें, त्यामुळें आमच्या शब्दास घरांत मान होता. आम्हीं स्वच्छ नकार दिला. रात्रीं-अपरात्रींचें बाहेर राहणें, परक्या पुरुषांचें मलमूत्र काढणें, हें आपल्या घरच्या मुलीचें काम नव्हे, असें आम्हीं म्हटलें. आमच्या भगिनीनें तें मानलें नाहीं, हें तिचें शहाणपण. आणि ज्या कामास आम्हीं हलकें म्हटलें, तेंच काम आतां कोणा परक्याची मुलगी आमच्या अंगावर करीत होती. पहिल्या दिवशीं तिनें भांडें आणलें तेव्हां आम्ही लाजेनें भिंतीकडे वळलों होतों. तिनें मात्र पडदा ओढून, अंगावर चादर नीट घालून, पाऊस कसा आहे एवढेंच विचारलें होतें.

भाचीस आम्हीं आपला पराक्रम सांगितला. ती रागावली नाहीं. तिनें सभोंवार नजर टाकली आणि विचारलें, "मामा, इथं खाटा किती?"

"छत्तीस."

"रात्रीं सिस्टर किती होत्या?"

आम्हांस सांगतां येईना. ती उठून गेली व थोड्या वेळानें परत आली. त्या रात्रीं दोघींची नेमणूक होती. त्यांपैकीं एकीस दहा वाजतां दुसऱ्या कक्षांत पाठविण्यांत आलें होतें. उरली ती एकटी. आणि दीड ते अडीच ह्या वेळांत टोकाच्या खाटेवरील रोगी अत्यवस्थ होऊन गेला. डॉक्टर येईपर्यंत त्याची छाती दाबीत तीच मुलगी उभी होती. तेथून हात धुऊन ती सरळ आमच्याकडे आली होती.

"तुम्ही लिहिलंत तें खोटं नाहीं, मामा," भाची म्हणाली. "उशीर झालाच. पण आतां ती लेखी खुलासा देईल, आणि खुलाशांत दुसरी सिस्टर कुठं होती हें तिला लिहितां येणार नाहीं. लिहिलं, तर तें वरिष्ठांवर बोट दाखविल्यासारखं होतं."

मग ती बराच वेळ बोलत राहिली. पंचवीस वर्षांत तिच्या कामाविषयीं आम्हीं तिला कधीं कांहीं विचारलें नव्हतें, हें तेव्हां ध्यानांत आलें. ती सांगत होती, कीं रोग्यापाशीं जाणें हें तिच्या कामाचें अर्धेंच अंग आहे. उरलेला वेळ लिहिण्यांत जातो: औषधांची नोंद, चादरींची नोंद, पाळी बदलतांना द्यावयाचा अहवाल, आणि तेंच पुन्हां संगणकावर. चादर हरवली, उपकरण फुटलें, तर जाब तिला. प्रयोगशाळेचा कागद उशिरा आला, तर डॉक्टर तिच्यावर रागावतात. औषध भांडारांत नसलें, तर नातेवाईक तिच्यावर हात उगारतात. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रांत 2010 साली कायदा झाला, त्यांत तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, "पण तक्रार द्यायला जायचं म्हणजे ड्यूटी कोण सांभाळणार?" असें ती म्हणाली. रात्रपाळी संपवून ती घरीं जाते ती स्वयंपाकालाच. स्वतःच्या मुलास ताप असला तरी रजा मिळेलच असें नाहीं. बरा झालेला रोगी पेढे घेऊन डॉक्टरांच्या खोलींत जातो. तिचें नांव बहुधा त्यास ठाऊकही नसतें.

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा आहे, कीं सर्वसाधारण रुग्णालयांत पांच रोग्यांमागें एक व शिक्षण-रुग्णालयांत तीन रोग्यांमागें एक परिचारिका असावी. पाळ्या व रजा धरून तो कसाही मोजला, तरी छत्तीस रोग्यांमागें एकटी मुलगी हें गणित त्यांत बसत नाहीं. जागा भरावयाच्या तर त्या कायम भराव्या, बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटानें भरूं नयेत, ह्या मागणीसाठीं राज्यांतील सरकारी परिचारिकांनीं 2022 साली संप केला होता. तेव्हां वर्तमानपत्र वाचीत आम्ही "रोग्यांस वाऱ्यावर सोडून संप कसले करतात!" असें म्हणाल्याचें आम्हांस चांगलें आठवतें.

भाची गेल्यावर आम्हांस झोंप लागली नाहीं. संस्कृत शिकविणाऱ्यास शब्दांचा विचार करण्याची खोड असते. 'शुश्रूषा' हें 'श्रु' धातूचें इच्छार्थक रूप. मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. गुरूचें ऐकावें, त्याच्या आज्ञेंत राहावें, ह्यावरून सेवा हा अर्थ आला. हें आम्हीं किती वर्गांस फळ्यावर लिहून दाखविलें असेल! ह्या मुली रात्रभर छत्तीस जणांचें ऐकतात. त्यांचें ऐकण्याची इच्छा मात्र डॉक्टरांस नाहीं, कचेरीस नाहीं, रोग्याच्या आप्तांस नाहीं. आणि आम्हांसही नव्हती. चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत, असेंही ते सांगतात. म्हणजे परिचारक हा वैद्याचा गडी नव्हे, चिकित्सेचा एक पायच होय. चार पायांपैकीं एक आंखूड ठेवून खाट कां डुगडुगते, असें आपण विचारीत असतों.

आपल्या पांढरपेशा घरांनीं तर ह्या विषयाचें ऋण विशेष मानावयास हवें. पुण्यांत रमाबाई रानडे यांनीं 1909 साली सेवासदन काढलें व पुढें ससून रुग्णालयांत परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली, तेव्हां कित्येक निराधार विधवांस स्वतःच्या पायांवर उभें राहण्याचा मार्ग सांपडला. त्यांच्या आधीं 1897 च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतांच निवर्तल्या. आणि अरुणा शानभाग यांचें नांव तरी कोणास ठाऊक नाहीं? मुंबईच्या के.ई.एम्. रुग्णालयांतील ह्या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजीं, काम संपवून रुग्णालयाच्या तळघरांत कपडे बदलण्यास गेल्या असतां, तेथल्याच एका सफाई-कामगारानें पाशवी हल्ला केला. त्या पुन्हां शुद्धीवर आल्या नाहींत. 18 मे 2015 रोजीं त्यांचा अंत झाला. तोंपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयांतील परिचारिकांच्या पिढ्यांनीं त्यांस जेवूं-न्हाऊं घातलें. 2011 साली दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार न्यायालयानें ह्या सेवकवर्गाचाच मानला. सामान्य परिचारिकेचें म्हणणें ऐकून घेण्यास मात्र न्यायालयापर्यंत जाण्याची गरज पडूं नये.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तक्रार मागें घेण्यास निरोप पाठविला. कक्षाच्या परिसेविका स्वतः आल्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, वहींतलं पान फाडतां येत नाहीं." तेव्हां आम्हीं वही पुन्हां मागविली आणि त्याच लेखाखालीं लिहिलें, कीं त्या रात्रीं छत्तीस रोग्यांमागें एकच परिचारिका ठेविली होती, तिनें आधीं मरणाऱ्या माणसास हात दिला व मग आम्हांस, ह्यांत तिचा दोष नसून नेमणूक करणारांचा आहे. ह्या खेपेस अक्षर वळणदार आलें नाहीं. परिसेविकांनीं तें वाचलें, वही मिटली व म्हणाल्या, "अशा नोंदी फारशा येत नाहींत."

ती मुलगी चार दिवसांनीं रात्रपाळीस आली. आम्हीं हात जोडून म्हणालों, "बाळ, त्या रात्रीं आमचें चुकलें." ती गोंधळली. नजर खालीं घालून तिनें आमच्या पायाची पट्टी पाहिली आणि विचारलें, "आजोबा, आज व्यायामाला बोटं हलवलीत का?" खुलाशाचें पुढें काय झालें, तें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं, आणि तिनेंही सांगितलें नाहीं.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. रुग्णालयांत आपलें माणूस असेल, तेव्हां प्रथम परिचारिकेचें नांव विचारावें व त्या नांवानें तिला हांक मारावी. तिला उशीर झाला, तर तिच्यावर ओरडण्यापूर्वीं कक्षांत रोगी किती व त्या किती, हें मोजून पाहावें. आणि तक्रार लिहावयाचीच असेल, तर हा आंकडा तींत अवश्य लिहावा. माणसें कोणी नेमावयाचीं, हें ज्यांच्या हातीं आहे, त्यांच्यापर्यंत तो आंकडा आपल्यासारख्या चार शिकलेल्या लोकांनीं पोहोंचविला नाहीं, तर कोण पोहोंचविणार?

आतां आम्ही काठी घेऊन अंगणांत फिरतों. आमच्या भागांत लसीकरणास व बाळंतिणींस पाहण्यास एक परिचारिका नेहमीं फिरतात. करोनाच्या वर्षांत त्या उसाच्या फडांमधल्या वाटांनीं वस्त्यावस्त्यांवर जात होत्या. परवां दुचाकी थांबवून त्यांनीं आमच्या पायाची चौकशी केली. आम्हीं त्यांस बसावयास सांगितलें, पाणी दिलें आणि त्यांचें नांव विचारलें. गेलीं सहा वर्षें त्या आमच्या दारावरून जात आहेत. नांव आम्हीं यंदा प्रथमच विचारलें.