टेबलावरची आठवी आज्ञा

धर्मशिक्षणाच्या वर्गात देवाच्या दहा आज्ञा आपण सर्वांनीच पाठ केल्या. पुढे नोकरीला लागल्यावर कचेरीतील सचोटीचा विचार मनात आला म्हणजे आपले बोट आपोआप सातव्या आज्ञेवर जाते : चोरी करू नको. लाच घेतली नाही, कचेरीतील वस्तू घरी आणली नाही, प्रवासभत्त्याचे बिल वाढवून लावले नाही, एवढे झाले की पापनिवेदनाच्या वेळी नोकरीच्या बाबतीत सांगण्यासारखे काही उरले नाही, असे आपण समजतो. परंतु कारखान्याच्या भांडार विभागात आयुष्याची बत्तीस वर्षे काढल्यानंतर आमचे मत निराळे झाले आहे. प्रामाणिक माणसाच्या टेबलावर जो पेच येतो तो बहुधा सातव्या आज्ञेचा नसून आठव्या आज्ञेचा असतो. खोटी साक्ष देऊ नको. न्यायालयाची पायरी कधीही न चढलेला कारकूनसुद्धा दिवसातून दहा वेळा साक्ष देत असतो. ‘मोजले’, ‘तपासले’, ‘समक्ष पाहिले’, ‘माल मिळाला’, असे लिहून खाली तारीख आणि आद्याक्षरे घातली की झाली साक्ष.

भांडार विभागाचे काम बाहेरच्यांना किरकोळ वाटते. पुरवठादाराला पैसे मिळण्यासाठी तीन कागद जुळावे लागतात : खरेदीचा आदेश, त्याचे बिल आणि आमची आवक-पावती. पहिले दोन कागद कोणीही खोलीत बसून तयार करू शकतो. तिसऱ्यासाठी मात्र एका माणसाला फाटकापर्यंत जाऊन खोकी उघडून पाहावी लागतात. लेखा विभाग माल पाहत नाही, तो आमची सही पाहतो. म्हणजे साऱ्या कारखान्याच्या वतीने पाहणारे डोळे तेवढे आमचे.

ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना मार्चअखेर म्हणजे काय हे सांगावयास नको. ३१ मार्चच्या आत मंजूर रक्कम खर्ची पडली नाही तर ती जाते, आणि पुढच्या वर्षी मागताना ‘गेल्या वेळी तुम्हांला नको होती ना’ असे ऐकावे लागते. अशाच एका मार्चअखेरीस आमच्या साहेबांनी एक आवक-पावती पुढे केली. कामगारांसाठी सुरक्षा-बुटांचे दोनशे जोड. बूट आलेले नव्हते, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येणार होते. “एवढी सही करा,” साहेब म्हणाले. “यात कोणाच्या खिशात एक पैसा जात नाही. रक्कम परत गेली तर मुले पुन्हा चपला घालून मशीनवर उभी राहतील.”

साहेबांचा एकही शब्द खोटा नव्हता. ते स्वतः सचोटीचे गृहस्थ होते. त्या बुटांसाठी वर्षभर वरिष्ठांशी भांडले होते तेच. लबाड माणसाने असा कागद पुढे केला असता तर आम्हांला झोप तरी लागली असती. भला माणूस भल्या कारणासाठी खोटे लिहावयास सांगतो तेव्हा नकार देणाऱ्यालाच आपण कोणी ढोंगी धर्ममार्तंड आहोत की काय, असे वाटू लागते.

आम्ही सही केली नाही. आदेश दिलेला आहे, माल वाटेत आहे, तेव्हा ही रक्कम पुढील वर्षात ओढावी, अशी टिपणी लिहून आम्ही ती साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती न बोलता लेखा विभागाकडे पाठवली. तेथून ‘असा प्रघात नाही’ असा शेरा येऊन कागद परत आला. रक्कम गेली. नवी मंजुरी मिळून बूट आले ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि मे महिन्यात यंत्रशाळेतील एका तरुणाच्या पायावर लोखंडी पट्टी पडून दोन बोटे ठेचली. त्याच्या पायात कापडी बूट होते.

एप्रिलमध्ये माल आला असता तर पहिल्या वाटपात त्याचा क्रमांक लागला असता की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. आम्ही त्याला भेटावयास रुग्णालयात गेलो. त्याला आवक-पावतीची हकीकत ठाऊक नव्हती. आमच्या खात्यातील मंडळींना होती. साहेबांनी एका शब्दानेही दोष दिला नाही, मात्र त्यानंतर दुपारचा चहा ते आमच्या टेबलाशी घेईनासे झाले. तोच कागद आज पुढे आला तरी आम्ही सही करणार नाही, आणि त्या मुलाची दोन बोटे आमच्या हिशेबातून वजाही होणार नाहीत. सदसद्विवेकबुद्धीचे ऐकले की मनाला शांती मिळते असे प्रवचनांतून आपण ऐकतो. आम्हांला ती मिळाली नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

मार्चअखेरीची ही घाई आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत मात्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची झुंबड उडणे हा आर्थिक औचित्याचा भंग होय, असे स्पष्ट म्हटले आहे.

नकार दिला म्हणजे एकदम हौतात्म्याच्या मार्गाला लागले पाहिजे, असाही एक समज आपल्यात आहे. राजकारणी व शासनकर्ते यांचे आश्रयदाते म्हणून २००० साली ज्यांची घोषणा झाली ते संत थॉमस मूर या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. इंग्लंडच्या राजाचे ते चॅन्सेलर. राजाच्या मार्गाने जाणे शक्य नाही असे दिसताच १५३२ साली त्यांनी पद सोडले व घरी बसले. १५३४ साली शपथ घेण्यासाठी बोलावणे आले तेव्हा राजाच्या वारसांविषयीचा भाग आपण मान्य करू, पण त्याला जोडलेला बाकीचा मजकूर मान्य करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपली कारणे त्यांनी सांगितली नाहीत. कायद्याच्या दृष्टीने मौन हा गुन्हा ठरू शकत नाही, या मुद्द्यावर ते वर्षभर तुरुंगात टिकून राहिले. १५३५ च्या जुलैमध्ये त्यांचा शिरच्छेद झाला, परंतु मरणाची हौस त्यांना मुळीच नव्हती. कागदातील कोणत्या वाक्यावर आपल्याला सही करता येईल व कोणत्या नाही, हे त्या वकिलाने शेवटपर्यंत बारकाईने पाहिले. आम्हां कारकुनांना त्यांचे हौतात्म्य पेलणारे नाही. तो बारकावा मात्र उचलता येईल.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील, आणि आपल्यापैकी अनेकांच्या हयातीतले. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या उड्डाणाविषयी दूरध्वनीवर बैठक चालली होती. अग्निबाणाच्या जोडांत रबरी कडी असतात. थंडीत ती कडक होतात, म्हणून तापमान सुमारे १२ अंशांखाली असताना उड्डाण नको, असे ते अग्निबाण बनविणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांचे म्हणणे होते. अवकाशसंस्थेच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दाखविताच कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून घेतला, आणि आता अभियंता म्हणून नव्हे तर व्यवस्थापक म्हणून विचार करा, असे आपल्या एका सहकाऱ्यास सांगितले. निर्णय फिरला. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर येऊन पडली. उड्डाणस्थळी असलेले कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी संमतिपत्रावर सही करावयास नकार दिला. ती सही दुसऱ्याने केली व कागद फॅक्सने आला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात जण प्राणास मुकले. मॅक्डोनाल्ड यांनी हा विरोध चौकशी आयोगापुढे उघड केला तेव्हा कंपनीने त्यांना बाजूला सारले. अमेरिकन लोकप्रतिनिधींनी दडपण आणल्यावर त्याच सदोष जोडांची नव्याने रचना करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले.

मॅक्डोनाल्ड यांच्या नकाराने यान थांबले नाही. आपण सही केली नाही तर दुसरा करील, मग उपयोग काय, असे आपल्याकडेही म्हणतात. उपयोग आहे की नाही याचा विचार करताना आम्हांला आमची भाची आठवते.

ती एका रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे दोघी जणी. दर चार तासांनी प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी व रक्तदाब तक्त्यावर लिहावयाचा. एखाद्याची प्रकृती बिघडली की बाकीच्यांपर्यंत पोहोचताच येत नाही. पण रकाना रिकामा ठेवावयाचा नाही, हा अलिखित नियम. म्हणून पहाटे मागचा आकडा पाहून पुढचा लिहून टाकतात. “मामा, त्या आकड्यावर डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतात,” ती म्हणाली. “काय करू?”

आम्ही तिला टिपणीची गोष्ट सांगितली, दोन बोटांचीही सांगितली. तिने तक्त्यावर ‘दोनची नोंद घेता आली नाही, अकरा नंबरचा रुग्ण अत्यवस्थ’ असे लिहून खाली सही केली. सकाळी इनचार्ज सिस्टरनी नवे पान देऊन सगळे नीट भरावयास सांगितले. तिने हात जोडून नाही म्हटले. ती अजून कायम झालेली नाही, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता तिच्याच पगारातून जातो. आमची बहीण आमच्यावर रागावली आहे. आज्ञा सांगायला घरात सगळे आहेत, हप्ता भरायला ती एकटीच, असे ती म्हणते, आणि ते खोटे नाही.

असे तक्ते महिनाभर साठले. सर्व रकाने भरलेले होते तोवर त्या वॉर्डात माणसे कमी आहेत हे कागदावर कोठेच दिसत नव्हते. आता दिसू लागले. रात्रपाळीला तिसरी परिचारिका मिळावी, असा अर्ज इनचार्ज सिस्टरनी स्वतः वर पाठविला आहे व त्याला ती अर्धी कोरी पाने जोडली आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही. भाचीला कायम केल्याचे पत्रही आलेले नाही.